साखरेच्या पाण्याचा थेंब

आमचे बाबा, टेकचंद, गोंदियाच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं परिचर होते. सौंदडहून रोज रेल्वेनं जायचे. काचेवर साखरेचं पाणी, त्यात किंचित बोरिक पावडर, त्यावर परागकण ठेवायचे आणि त्यांतून फुटणाऱ्या नळ्या पोरांना दाखवायच्या, हे त्यांचं काम. घरी आले की पुन्हा तेच! फुलात ती नळी बीजांडाकडेच कशी वळते, तर बीजांड बारीक प्रथिनं सोडून तिला बोलावतं. नळीच्या टोकावरची प्रथिनं ती हाक पकडतात. ज्या बाजूनं हाक जास्त, तिकडे टोक वाढतं. काचेवर बोलावणारं कोणी नसतं, म्हणून तिथं नळ्या भरकटतात. जेवताना हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आईनं माहेरून, नवेगाव बांधहून, कोहळ्याचं बी आणलं होतं. दरवर्षी घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, वेल लावायची, दरवर्षी डब्यात नवं बी ठेवायची. तिच्या माहेरीही आता ते उरलेलं नाही. यंदा डब्याचं झाकण उघडं राहिलं, उंदरांनी फडशा पाडला, एकच बी वाचलं. त्याचा वेलही बुडापासून वाळायला लागला. तेवढ्यात एकच मादी फूल उमललं.

आई म्हणाली, "नर फूल तोडा आन् घासा, झालं."

पण बाबांना वाटलं, हवा कोरडी, पराग सुकून जातील. कॅरमची बोरिक पावडर काढली, साखर विरघळवली. राहू द्या म्हटलं तर ऐकतात का! पराग लावून वर ड्रॉपरनं थेंब सोडला. दुपारी बघतो तर फुलात मुंग्याच मुंग्या. नळ्या जिथून आत उतरतात तो मधला भागच कुरतडून टाकलेला. मला असा राग आला होता, पण त्यांचा चेहरा पाहून मी नुसत्या मुंग्या झटकत राहिलो.

चार दिवस ते वेलाजवळ खुर्ची टाकून बसले. करण्यासारखं काहीच नव्हतं. पाचव्या दिवशी वेल पुरता वाळला आणि फुलाखालचं बोराएवढं कोहळं पिवळं पडून गळलं. बाबांनी ते ब्लेडनं चिरलं, भिंग लावलं.

"बीजांडं धड हायेत," ते म्हणाले. "बोलावून राहिली असतील. मीच वाट बंद केली."

आईनं बियांचा डबा धुतला, उन्हात वाळवला आणि त्यात मीठ भरून ठेवलं.