अंकुश मिस्त्रीची लाल गाडी कुणी बघितली?

टायरमधून निघालेले खिळे मी फेकत नाही. तेलाच्या एका रिकाम्या डब्यात टाकतो. येरमाळ्यात हायवेच्या कडेला पंक्चर काढत बसलो, त्याला लई वर्षं झाली. डबा तिसऱ्यांदा भरत आलाय. किस्स्यांचंबी तसंच होतं. एकेक टोचतो, आपण काढून डब्यात टाकतो आणि विसरतो. मग एक दिवस डबा उचलायला जावं तर उचलत नाही! आज त्यातले एकाच गाडीचे तेवढे वेगळे काढतो. निवांत ऐका. मला कुठं जायचं नाही.

माझ्या शेडला लागून अंकुश मिस्त्रीचं गॅरेज. वयानं माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. तो मला तात्या म्हणतो, मी त्याला अंकुशा म्हणतो. ह्या अंकुशानं भंगारातून एक स्पोर्ट कार उचलून आणली होती. दोन सीटची. घोरपड जमिनीला पोट लावून बसते ना, तशी बसलेली. कंपनीचं नाव जळून गेलेलं. हातातलं काम संपलं की हा तिच्याजवळ जाऊन बसायचा. दार हातानं ठोकून केलं, काच दुसऱ्या गाडीची कापून बसवली. अशी अकरा वर्षं!

गाडी मोडकी होती तोवर बघायला माणसं यायची, हे लक्षात ठेवा. यायची, हसायची. "मिस्त्री, हिला चाकं लावणार का पाय?" अंकुशा म्हणायचा, "हसा, हसा. एक दिवस ह्या रोडवरचा माणूस चालता चालता थांबंल."

गाडी पुरी व्हायला आली आणि त्याचे डोळे जायला लागले. साखर. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून वर्ष-दीड वर्ष दिसेल, काय बघायचं असेल ते बघून घ्या. परत आला आणि माझ्या शेडमध्ये टायरवर बसला. म्हणाला, "तात्या, मला देशबिश बघायचा न्हाय. हिच्याकडं डोळे फाडून बघणारा एक माणूस बघायचाय. एकच. मग गेले तर जाऊ द्या डोळे."

गाडी पुरी झाली त्या दिवशी मात्र तो घाबरला. त्याचं कारण जुनं होतं. तरुणपणी त्यानं एक टेम्पो असा सजवला होता की सगळ्या बाजारानं वाखाणला, आणि तिसऱ्या दिवशी तो घाटात उलटला. माणसं वाचली, पण नजर लागली हे ह्याच्या मनात बसलं. आपल्याकडं नव्या गाडीला लिंबू-मिरची, बिब्बा बांधतात आणि दर शनिवारी जुनं काढून नवं बांधतात. अंकुशानं काय करावं? लिंबू, मिरच्या, सात बिब्बे, काळी बाहुली, काळा दोरा, सगळं एका पत्र्याच्या डबीत घातलं आणि डबी गाडीच्या पोटाखाली वेल्डिंग करून टाकली!

उजेडाला बॅटरी मीच धरली होती. मी म्हणालो, "अरं, शनवारी बदलायचं कसं?"

"बदलायचंच कशाला? मिस्त्रीचं काम हाय, तात्या. पक्कं!"

*

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली ती बाजाराच्या दिवशी. भर बाजारात, एसटी स्टँडच्या तोंडाशी लावली. अंकुशा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभा. मी समोरच्या चहाच्या टपरीवर.

एक तास गेला. माणसं येतात, जातात, गाडीला वळसा घालतात. मध्ये डबकं असलं की घालतात ना, तसा. बघत कुणी नाही.

शेवटी एक मावशी आली. मेथीच्या जुड्यांची पाटी तिनं सरळ बॉनेटवर टेकवली, पदरानं तोंड पुसलं आणि दम खात उभी राहिली.

अंकुशा म्हणाला, "मावशी, गाडी हाय ती!"

"कुठं?" म्हणाली आणि रोडच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "न्हाय की रे बाबा. येईल की. बस कडंला."

*

लोकांना कारण विचारलं तर कारणं देतात. टपरीवाला निवृत्ती म्हणाला, "मिस्त्री, आपल्याकडं गाडी उंच पाहिजे. माणूस वर बसला तर लोक मान वर करतात. तुमची गाडी गुडघ्याखाली. आणि दोनच सीट! बायको बसवली तर सासू कुठं बसवायची?"

मी विचारलं, "तू बघितलीस का रं गाडी?"

"न्हाय. तुम्हीच सांगायलाव म्हणून बोललो."

गाडी तेव्हा त्याच्या टपरीपासून चार पावलांवर उभी होती.

अंकुशाला वाटलं, रंग चुकला. राखाडी रंग, धुळीत धूळ. मग हळदीसारखा पिवळा केला. काही नाही. शेवटी कुंकवासारखा लाल करायचं ठरवलं आणि कळंबहून पेंटर बोलावला. चांगला माणूस. दोन दिवस मान मोडून काम केलं, चकाचक हात मारला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पेंटर ब्रश घेऊन दारात हजर!

"रामराम मिस्त्री. कुठली गाडी रंगवायची म्हणाला होता?"

अंकुशा मस्करी समजून हसला. मी हसलो नाही. पेंटरच्या दहाही नखांत लाल रंग होता.

*

बेंबळी गावचा किस्सा सांगतो. अंकुशाच्या भाच्याचं लग्न. आपल्याकडं लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. अंकुशा म्हणाला, परण्या माझ्या गाडीत. नवरदेवाकडं तरी बघतील का न्हाय लोक?

गाडीवर झेंडूच्या माळा सोडल्या. चालवायला अंकुशा, शेजारी नवरदेव. मी मागं चालत. पुढं बँजो, बाया, पोरं, नुसता धुरळा.

अर्धा रस्ता गेला आणि नवरदेवाचा बाप मागं वळला. "अरं, नवरदेव कुठाय?"

बँजो थांबला. एकानं घराकडं मोटरसायकल पिटाळली. आई रडायला लागली. आणि नवरदेव आतून काच बडवतोय, "आई, मी हितं हाय की! हितं!"

मी जाऊन दार उघडलं, त्याला हाताला धरून बाहेर काढलं. तसा बाप ओरडला, "लेका, लपायची ही येळ हाय का?"

पोरगं घामानं भिजलेलं. मारुतीपर्यंत पायी गेलं. पुढं कित्येक दिवस कुणी हाक मारली की आधी स्वतःचे हात बघायचं.

फोटो नंतर आले. मी बघितले. समोर बँजोवाले, मागं बाया, आणि मधोमध रिकामी जागा. बरोबर एका गाडीएवढी. एवढ्या दाटीत त्या जागेत कुणाचा पायसुद्धा पडलेला नाही.

*

तुम्ही म्हणाल, तात्या, तुम्हाला कशी दिसते मग? मी पण तेच म्हणतो. डबी बसवताना आम्ही दोघंच होतो, अंकुशा आणि मी. एवढंच सांगता येतं.

पण एक दुपार अशी गेली की ती नसती गेली तर बरं झालं असतं. अंकुशाच्या डोळ्यांना आतली काच नीट दिसेना, म्हणून पुसायला मी गाडीत बसलो. आमची म्हातारी रोज बारा वाजता माझी भाकरी घेऊन येते. आली. शेडमध्ये डोकावली. मी आतून म्हणालो, "अगं, हितं."

तिनं डोळ्यावर हात धरून बघितलं. सरळ माझ्याकडं. माझ्याबरोबर पन्नास वर्षं संसार केलेली बाई, आणि मोकळ्या रानाकडं बघावं तशी माझ्याकडं बघत होती. मी काच खाली केली, हात हलवला. तिनं डबा टायरवर ठेवला, बसली आणि हळूच म्हणाली, "सांगून तरी जायचं."

कुणाला म्हणाली, कशाला म्हणाली, मी विचारलं नाही. धडपडत बाहेर आलो.

"कुठं गेलता तुम्ही?" म्हणाली. "भाकरी गार झाली."

त्या गाडीत मी परत बसलो नाही.

*

मग अंकुशा म्हणाला, आता देवालाच दाखवू. तो आणि त्याची गाडी पुढं, मी एसटीनं मागं, असे सोनारीला काळभैरवनाथाला गेलो. तिथं माकडं लई. उभ्या गाडीचा आरसा ठेवत नाहीत, वायपर ठेवत नाहीत. अंकुशानं टपावर चार केळी ठेवली आणि म्हणाला, "माणसं न्हाईत तर माकडं तरी!"

माकडं आली. केळ्याचा वास आला असणार. शेजारच्या जीपवर चढली, खाली उतरली, इकडं तिकडं हुंगली. आमच्या गाडीपाशी येऊन हात पुढं केला की हात वाऱ्यात फिरवायची आणि परत घ्यायची. दिवस कलला तरी केळी तशीच. अंकुशा पायरीवर बसून राहिला. मला म्हणाला, "तात्या, आज तुमचं तोंड मला धुक्यातल्यावानी दिसतंय."

तिथं नारळ विकणारी एक म्हातारी होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. घरी निघाली होती. तिची काठी गाडीला ठक्कन लागली. थांबली. काठी काखेत घातली आणि दोन्ही हात गाडीवरून फिरवत निघाली. बॉनेट, दार, मागची शेपटी. सावकाश.

"आगं बया," म्हणाली. "किती देखणी गाडी! कुणाची रं ही?"

अकरा वर्षांच्या कष्टाला पहिल्यांदा कुणीतरी चांगलं बोललं! अंकुशा लहान पोरासारखा रडायला लागला. "माझी, आजी. म्या केली."

म्हातारीचा हात दाराखाली गेला, पोटाखाली गेला आणि तव्याला लागावा तसा झटक्यात मागं आला. हात पदराला पुसत ती म्हणाली, "शनवारी बदलत न्हाईस का रं हे?"

आणि काठी टेकत गेली.

*

पुढचाच शनिवार. दुपारचे बारा. अंकुशानं गाडी गॅरेजच्या बाहेर, रोडच्या कडेला घेतली आणि ग्राइंडर काढला. मी म्हणालो, "डोळ्याचं काय? ठिणग्या उडतील."

"आज बरं दिसतंय तात्या. आज लई बरं दिसतंय. ती बघा, कळंब गाडी यायलीय." मी बघितलं. एसटी पार वळणावर होती. पाटी मलासुद्धा वाचता येत नव्हती. अक्षरं मी ट्रकच्या मागं लिहिलेली वाचून शिकलो, पण एवढ्या लांबची नाही. जवळ आल्यावर बघितलं. कळंबचीच.

अंकुशा गाडीखाली शिरला. वेल्डिंगचे टाके कापले. डबी हातात घेऊन बाहेर आला आणि झाकण उघडलं. वर्ष होऊन गेलं होतं. लिंबू आत्ताच झाडावरून तोडल्यासारखं पिवळंजर्द. मिरच्यांचे देठ हिरवे. मग तो चौकापर्यंत चालत गेला, रीतीप्रमाणं डबी तिथं टाकली आणि मागं न बघता परत आला. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

पहिलं कुत्रं भुंकलं. रोज तिच्या सावलीवरून जाणारं आमचंच कुत्रं, चार पाय रोवून गाडीवर भुंकायला लागलं.

मग निवृत्तीच्या हातातली किटली खाली पडली. "आयला! मिस्त्री, ही कधी आणली?"

एक मोटरसायकल थांबली. मग दुसरी. मेथीवाली मावशी पाटी डोक्यावर तशीच धरून उभी. ट्रकवाला खाली उतरला. कळंब गाडी मधेच थांबली, आणि एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर वाकली. बायांनी पोरं उचलून कडेवर घेतली, त्यांना दिसावं म्हणून. येरमाळ्याचा रोड बंद झाला! सगळ्यांचे डोळे मोठे झालेले आणि त्या डोळ्यांत लाल रंग.

मी म्हणालो, "अंकुशा, बघ! एक मागितला होतास. बघ किती!"

तो बघत होता. एकेका तोंडाकडं, सावकाश. निवृत्तीकडं, मावशीकडं, खिडक्यांतल्या माणसांकडं. त्याला सगळे नीट दिसत होते. मावशीच्या कपाळावरचं गोंदण दिसतंय म्हणाला. मग त्यानं आपल्या हाताकडं बघितलं. हात बॉनेटवरच होता. तळवा थोडा हलवला, चाचपडल्यासारखा. हाताखाली आणि हाताभोवती बघितलं. पार जमिनीपर्यंत.

आणि माझ्याजवळ तोंड आणून, लोकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला,

"तात्या, ही समदी माणसं कशाकडं बघायलीत?"