आष्ट्याच्या उसासाठी पाटणचे क्रायसोपा

ताईचा फोन आला आणि मी अर्धा चहा तसाच टाकून उठलो. "उसाला लोकरी मावा लय लागलाय. दाजी उद्या ड्रोननं फवारायचं म्हनत्यात. तुजे ते किडे आणायचे तर आजच आण." माव्यासारखी कीड खाणाऱ्या मित्रकीटकांचं पुराण तिला मीच ऐकवलं होतं. आता नुसतं बोलून भागणार नव्हतं.

साताऱ्याहून उंब्रज, मल्हारपेठ करत पाटण गाठलं. तिथल्या मित्राच्या उसात क्रायसोपा भरपूर. जाळीदार पंखांच्या कीटकांच्या गणातला हा हिरवा, नाजूक जीव. मायक्रोमस हा त्याचा तपकिरी भाऊबंद. प्रौढ कीटक पराग आणि मधावर भागवतो. माव्याचा कर्दनकाळ ती त्याची अळी. विळ्यासारख्या जबड्यांत मावा धरते आणि शोषून टाकते. अळ्या असलेली पानं डब्यात भरायची आणि दुसऱ्या उसात नेऊन अडकवायची, एवढंच काम. पण बहिणीच्या रानात आपणच आणखी मावा कसा न्यायचा? मी एकेक पान फडक्यानं पुसून घेतलं.

कऱ्हाडपर्यंत रस्ता बरा आहे. पुढं महामार्गावर कामामुळं वळणरस्ते आणि धूळ, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा. पेठ नाक्यावर मिसळ झकास मिळाली, पण उभ्यानंच खाल्ली. सगळं लक्ष डिकीतल्या डब्याकडे.

आष्ट्यात ताईनं पाणी पुढं केलं, मी डबा. झाकण काढलं तर मोजक्याच अळ्या जिवंत, टम्म फुगलेल्या. बाकीच्यांची चिपाडं झाली होती. मावा नाही म्हटल्यावर त्यांनी एकमेकींनाच खाल्लं होतं.

दाजी फौजेतून निवृत्त झालेले. डब्यात डोकावून म्हणाले, "पावणं, उपाशी पलटण एका खोलीत कोंडलीसा व्हय?"

शरमेनं माझे कान तापले. ताईनं डबा उचलला. "हायत तेवढ्या सोडू."

"एवढ्यानं काय व्हतंय? उद्या ड्रोन येनारच."

"येऊ द्या. बांधाकडचा अर्धा एकर माझ्या नावावर हाय. तिकडं मारायचं न्हाई."

"आन् ऊस गेला तर?"

"तर माझा गेला."

ताई आणि मी त्या अर्ध्या एकरात शिरलो, पात्यांनी हात चिरून घेत अळ्या सोडल्या.

आता साताऱ्यात आहे. तुम्ही अळ्या नेणार असाल तर पानावरचा मावा राहू द्या, आणि दाटीवाटी करू नका. मी रोज ताईला विचारतो, मावा घटला का. ती म्हणते, "बघतीय रं. सारका फोन करू नगंस." माझ्या शब्दाखातर तिनं नवऱ्यासमोर आपला ऊस पणाला लावला, आणि मी तिच्या हातावर मूठभर अळ्या ठेवून आलो.