खुर्चीच्या हातावरचा रंग

ड्रॉइंगच्या बाईंकडं गेलं, की आधी विचारावं लागे, "बाई, कुठं बसू?" नांदेडच्या त्या दोन खोल्यांत टीपॉय असो की स्टूल, प्रत्येकाचं चित्र झालेलं. कपाटाच्या दारांवर निळे-करडे पट्टे, पाटांवर ठोकलेला कॅनव्हास. माणूस, झाड, डोंगर, काही ओळखू येत नसे. आम्ही शाळेतल्या बाकीच्या बाया अर्थ विचारायचो. "अर्थ कशाला पाहिजे? थकलेलं सामान हाय. नव्या लाकडावर रंग नुसता बसतो, जुन्यात मुरतो," त्या म्हणायच्या.

त्यांचे यजमान एस.टी.तून निवृत्त झालेले. बाई त्यांना साहेब म्हणत, म्हणून आम्हीही. साहेब पायरीवर बसून पेपर वाचत. "घरात सगळं बघायचंच हाय, वापरायचं काही न्हाई," अशी कुरकुर चाले. पण उमरीहून मोडकी खाट आणायला टेम्पोत बसून तेच गेले होते.

लातूरच्या प्रदर्शनात मी बाईंसोबत होते. भिंतभर कॅनव्हास, त्याला स्क्रूनं जोडलेली हातांची खुर्ची आणि चित्रातून ओघळत खुर्चीवर उतरलेला राखाडी रंग, असं ते त्यांचं सगळ्यांत मोठं काम. औशाच्या एक आजी सरळ त्या खुर्चीत जाऊन बसल्या. मी धावले, तर बाईंनी मला अडवलं. "बसू दे गं. दमल्या असतील."

ते काम हैदराबादच्या मोठ्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. शाळेत आम्ही पेढे वाटले. त्याच आठवड्यात साहेबांची डावी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आणलं, तर प्लास्टिकच्या खुर्चीतून ते घसरत. बाईंनी पेचकस घेतला, स्क्रू काढले आणि साहेबांना चित्रातल्या खुर्चीत बसवलं. हैदराबादला नाही म्हणून कळवलं. पुढं भरवणं, पुसणं, उठवणं, एवढंच आयुष्य उरलं. मी गेले की बाई भिंतीला टेकून म्हणत, "लई दमले गं." कॅनव्हासकडं मान वळवायचंही त्राण नसे.

साहेब गेल्यावर त्या देगलूरला लेकीकडं राहायला निघाल्या. सामान बांधायला मी गेले, तेव्हाच हैदराबादचा पुन्हा फोन आला. ते काम त्यांना अजून हवं होतं.

"बाई, जोडूया की परत," मी म्हटलं.

बाई खुर्चीच्या उजव्या हातावरून बोटं फिरवत होत्या. साहेबांचा चालता हात दिवसभर तिथं असायचा. घासून घासून राखाडी रंग उडाला होता, आतलं सागवान गुळगुळीत झालं होतं.

"नको गं," त्या म्हणाल्या. "यावर आता मी काय रंगवणार?"

आणि टेम्पोवाल्याला त्यांनी खुर्ची आधी चढवायला सांगितली.