बारीक केलेली फाईल
बैलांच्या शिंगांना लावायच्या ऑइलपेंटचा वास आला की तो पोळा आठवतो. तोरणाखालून पहिली जोडी कुणाची, यावरून माझ्या चुलत्यानं शेजाऱ्याच्या तोंडावर काठी घातली. डोळा फुटला, रक्त बैलाच्या झुलीवर उडालं. माझा कॅमेरा त्या दिवशी नेमका सगळ्यात भारी क्वालिटीवर होता. वडील म्हणाले, "गावानं कॅमेरा पाह्यलाय, पोलिसाला द्यावं लागंल. पण तोंड दिसायला न्हाई पाहिजे." मी क्वालिटी उतरवून फाईल दोनदा बारीक केली. चुलत्याच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले, मंग मूळ रेकॉर्डिंग पुसलं. ठाण्यात सांगितलं, "जागा वाचवायला करावं लागतं, साहेब." पुराव्याअभावी चुलता सुटला. अजूनही पोळ्याचं शूटिंग मीच करतो. शेजारी एका डोळ्यानं लेन्समध्ये बघतो आणि हळूच म्हणतो, "औंदा तोंडं साफ येऊ दे."