इराच्या श्वासाची रेघ

इरा एकदाची झोपली, तशी मी, तिचा बाबा आणि गाडीच्या कंपनीतल्या एक बाई, असे आम्ही तिघं पावलं न वाजवता गाडीपासून मागे सरलो. तिची आई ऋतुजा तेवढी दाराशी थांबली. आमच्या लॅबच्या मागच्या अंगणात एक मोठं लिंडनचं झाड आहे, त्याखाली मी टेबल मांडलं होतं. त्यावर एक लॅपटॉप, आणि स्क्रीनवर एक निळी रेघ. ती हळू वर जायची, हळू खाली यायची. ती इराचा श्वास होती.

मी जर्मनीत ब्योब्लिंगेनजवळच्या एका टेस्ट लॅबमध्ये काम करते. गाड्यांमध्ये बसवायची रडार आमच्याकडे तपासायला येतात. रडार म्हटलं की लोकांना विमानतळ आठवतो. हे रडार बिस्किटाएवढं होतं आणि गाडीच्या छतात, मागच्या सीटच्या वर बसवलेलं होतं. त्याचं काम एकच. आईबाप गाडी लॉक करून निघून गेले आणि मूल मागे झोपलेलं राहिलं, तर ते ओळखायचं आणि आईबापांच्या फोनवर कळवायचं. उन्हात बंद गाडी किती लवकर तापते हे मी इथे लिहीत नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना ते वाचणं सोसत नाही.

हे चालतं कसं, ते ऋतुजाने सकाळीच मला विचारलं होतं. खरं तर तिला दुसरंच विचारायचं होतं.

"ताई, हिला काही होणार नाही ना?"

तिचा नवरा निखिल आमच्याच टीममध्ये आहे. त्याने घरी तिला सगळं समजावलं होतं, पण नवऱ्याचं समजावणं वेगळं. मी तिला सांगितलं, विद्युतचुंबकीय लहरी हे एक मोठं कुटुंब आहे. रेडिओ, मोबाइल, निखाऱ्याची धग, डोळ्यांना दिसणारा उजेड, एक्स-रे, ही सगळी त्यातली भावंडं. फरक लहरीच्या लांबीचा. एफएम रेडिओची एक लहर खोलीएवढी लांब असते. आमच्या सेन्सरची तांदळाच्या दाण्याएवढी. एक्स-रेची इतकी बारीक आणि जोरकस, की ती शरीराच्या आत शिरून पेशींना इजा करू शकते. आपली तशी नाही. ती दुपट्यातून जाते, कपड्यांतून जाते आणि कातडीच्या वरच्या थरापाशी थांबून बरीचशी मागे फिरते. जोरही अगदी कमी, तुझ्या हातातल्या फोनपेक्षा कमी.

"मग मागे फिरून काय सांगते?"

"छाती थोडी वर आली की लहर थोडी लवकर परत येते. छाती खाली गेली की थोडी उशिरा. ते 'थोडं' मोजायचं, एवढाच आमचा धंदा."

ऋतुजाने इराच्या छातीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे रात्री मी हात ठेवून बघते, तसंच."

मी इतक्या वर्षांत दिलेल्या प्रेझेंटेशनांमध्ये याहून नेमकं वाक्य नव्हतं.

त्याआधी आमच्या सगळ्या टेस्ट बाहुलीवर झाल्या होत्या. ती ॲनेकोइक चेंबरमध्ये असते. हा चेंबर म्हणजे एक मोठी खोली, भिंतींवर आणि छतावर फोमचे निळे टोकदार सुळके. ते लहरी पिऊन टाकतात, परत काही येऊ देत नाहीत. आवाजही तिथे विरून जातो. दार लावलं की स्वतःचं बोलणं ओठांपाशीच संपल्यासारखं वाटतं. मी कधीकधी काम नसतानाही तिथे दोन मिनिटं उभी राहते. त्या शांततेत आमची बाहुली, एमिल, छातीतल्या मोटरवर श्वास घेत बसलेली असते. एमिल सगळ्या टेस्ट पास झाला होता. पण तो घड्याळासारखा श्वास घेतो. खरं मूल तसं घेत नाही. म्हणून लेखी परवानग्या काढून, मे महिन्यातल्या एका गार सकाळी, चारही काचा उतरवलेल्या गाडीत आम्ही इराला झोपवलं होतं.

गाडीच्या कंपनीकडून फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, आल्या होत्या. करडा कोट, कामापुरतं बोलणं. पण रेघ सुरू झाली आणि त्याही आपोआप कुजबुजायला लागल्या. इराची रेघ तीन-चारदा भराभर वर-खाली व्हायची, मग जवळजवळ थांबायची. आम्हीही थांबायचो. मग एक मोठा उसासा यायचा आणि रेघ पुन्हा संथ चालू लागायची.

"आल्झो, म्हणजे एमिलला हे जमत नाही," फ्राउ लिंडनर म्हणाल्या.

झाडातून ऊन टेबलावर गळत होतं. समोर एक बाळ झोपलं होतं, आणि डोळ्यांना न दिसणारा एक उजेड त्याच्या छातीवरून परत येऊन आमच्यापुढे रेघ काढत होता. मी पगार घेऊन हे बघते आहे, याचं मला मनातून नवल वाटलं.

ऊन सरकलं. ते इराच्या तोंडावर आलं असावं. ऋतुजाने पिशवीतून काहीतरी काढलं, खिडकीतून आत वाकली, बाहेर आली. आम्ही बघितलं, पण लक्ष स्क्रीनवर होतं.

रेघ सपाट झाली.

आधी वाटलं, हा तिचा नेहमीचा थांबा आहे. आम्ही उसाशाची वाट पाहिली. तो आला नाही. रेघेखाली 'इनफान्ट', म्हणजे बाळ, असा हिरवा शब्द होता, तो गेला आणि करड्या अक्षरांत 'लेअर' आलं. लेअर म्हणजे रिकामं.

निखिल उठला तेव्हा त्याची खुर्ची मागे पडली. ज्याने या सेन्सरचा अर्धा कोड तपासला होता, जो मला सिग्नल प्रोसेसिंग शिकवू शकेल, तो माणूस अंगणातून धावत सुटला. मीही धावले. मला धावता धावताच कळलं होतं की काय झालंय. तरी मी थांबले नाही.

इरा झोपलेली होती. तोंड किंचित उघडं, मुठी सैल. तिच्या सीटवर ऋतुजाने उन्हासाठीचं चंदेरी कव्हर दोन्ही बाजूंनी नीट खोचून लावलं होतं. दुकानात सगळीकडे मिळतं ते. वरून ॲल्युमिनियमचा मुलामा.

"काय झालं?" ऋतुजाने विचारलं. निखिलने कव्हर उचललं आणि इराच्या छातीवर हात ठेवला. इराने झोपेतच पाय झाडला.

कापूस, लोकर, प्लास्टिक यांच्यातून आमची लहर सहज जाते. धातूतून जात नाही. केसापेक्षा कितीतरी पातळ मुलामा असला तरी तो आरशासारखा तिला परत पाठवतो. इथे सेन्सरला वरून फक्त एक स्थिर आरसा दिसला. आरसा श्वास घेत नाही. म्हणून त्याने हिशेब केला की सीट रिकामी आहे.

दुपारी मीटिंग झाली. माझा बॉस मार्टिन, फ्राउ लिंडनर आणि मी.

"स्पेसिफिकेशनमध्ये सुती आणि लोकरीची पांघरुणं आहेत," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "धातूचा मुलामा नाही. ही टेस्ट आपण ठरवलेलीच नव्हती. रिपोर्टमध्ये ती नको."

"वापरताना लोक तेच लावतील," मी म्हटलं.

"मॅन्युअलमध्ये लिहिता येईल, लावू नका म्हणून."

"ज्याच्या लक्षात मागचं मूल राहिलं नाही, त्याच्या लक्षात मॅन्युअल राहील?"

त्या रागावल्या नाहीत. त्यांच्यावर तारखेचा दबाव होता, तो मला दिसत होता. गाडी बाजारात यायची होती. त्या मार्टिनकडे वळल्या. मार्टिनही अडचणीत होता. हे गिऱ्हाईक गेलं असतं तर आमच्या लॅबचं अवघड होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

तो उठला, म्हणाला, "मेघना, ते कव्हर दे." मग एकटाच चेंबरकडे गेला. आम्ही वाट बघत बसलो. फ्राउ लिंडनरनी मध्येच विचारलं, "ते बाळ घरी गेलं का?" मी म्हटलं, गेलं, खिमट खाऊन परत झोपलं असेल. त्यांनी मान हलवली.

मार्टिन परतला तेव्हा त्याचे हात खिशात होते. "एमिलवर घातलं," तो म्हणाला. "एमिल जोरात श्वास घेतोय. स्क्रीन म्हणते, कुणी नाही. माझी नात इराच्याच वयाची आहे." मग म्हणाला, "या टेस्टचं पान रिपोर्टमध्ये राहील."

फ्राउ लिंडनरनी विचारलं, "मग सेन्सरने काय म्हणायला हवं होतं?"

हा प्रश्न आम्हा कुणालाच आधी पडला नव्हता. त्यावर आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. सेन्सरकडे दोनच उत्तरं होती, 'मूल आहे' आणि 'रिकामं आहे'. तिसरं उत्तर हवं होतं. समोर आरसा आला, नेहमीची सीट दिसेनाशी झाली, तर त्याने 'मला दिसत नाही' म्हणावं आणि तेही फोनवर कळवावं. लहर फार जोरात परत येते आहे, हे त्याला आधीपासूनच कळत होतं. फक्त ते बोलून दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी उशिराने बाजारात आली. गिऱ्हाईक टिकलं. वर्षं पुढे सरकली, टीम बदलल्या. फ्राउ लिंडनरकडून एक तक्रार अजून येते. सुपरमार्केटमधल्या आइस्क्रीमसारख्या गोठवलेल्या मालाच्या चंदेरी पिशव्या सीटवर ठेवल्या की लोकांचे फोन वाजतात, आणि लोक चिडून कंपनीला लिहितात. त्या मला ते पुढे पाठवतात. वर काही लिहीत नाहीत. मीही उत्तरात एवढंच लिहिते, गेनाऊ, अगदी बरोबर, तसंच व्हायला हवं.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी आता एकच गोष्ट आधी सांगते. यंत्र बरोबर कधी बोलतं ते सगळेच तपासतात. त्याला दिसत नसेल तेव्हा ते काय बोलतं, ते तपासा. आणि गिऱ्हाइकाला आइस्क्रीमसाठी फोन आला, तर माफी मागायच्या भानगडीत पडू नका.