शंभर इंच पाऊस आणि हौसाबाईचं टाकं

हौसाबाईच्या टोपलीशी घासाघीस करायला मालवणच्या बाजारात सहसा कोणी धजत नसे. बांगडा शिळा म्हणणाऱ्या कचेरीतल्या शिपायाला तिने एकदा भर बाजारात 'आधी नाक धुवन ये' म्हणून परत पाठवलं होतं. नवरा काशीराम होडी घेऊन बाहेर पडला की घरात तिचं राज्य, आणि तो परत आला तरी राज्य तिचंच.

पण हीच बाई पाण्यापुढे गरीब गाय व्हायची. वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ. गोड्या पाण्याची विहीर मैलभर लांब, सड्याच्या उघड्या कातळी माळापलीकडे, एका बागायतदाराच्या माडांत. झाडांना शिंपून झालं की तो बायकांना आत सोडी, तेही त्याची मर्जी असली तर. तिथे हौसाबाई हात जोडून उभी राही. परतीच्या वाटेवर वाडीच्या माथ्याशी उतरता कातळ होता, हंड्यांतून सांडणाऱ्या पाण्याने कायम निसरडा. तिची सून विमला त्या कातळावर सातव्या महिन्यात हंड्यासकट घसरली, आणि पाळणा माळ्यावरच राहिला. त्या दिवसापासून हौसाबाईला एकच गोष्ट हवी होती: विमलाच्या पुढच्या खेपेआधी वाडीत गोडं पाणी.

एकोणीसशे एकोणसाठ साली विकास गटाच्या कचेरीने अभ्यास दौरा काढला. राजस्थानातल्या वाळवंटात एका लहानशा गावी मोठ्या माणसांसाठीचं एक जुनं, नामांकित लोकमहाविद्यालय होतं. ते पाहून यायचं. समुद्रकाठच्या माणसांनी वाळवंटात जाऊन काय शिकायचं, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. दौऱ्यात एक महिला आणि एक मच्छीमार असावा, एवढं मात्र स्पष्ट लिहिलं होतं. एका तिकिटात दोन्ही कलमं भागतात हे ग्रामसेवक सत्यवानाच्या ध्यानात आलं आणि तो हौसाबाईच्या दारात उभा राहिला.

"माका काय ता शिकूचा नाय," हौसाबाई म्हणाली. "आमका पाणी होया."

"काकी, दौऱ्याक जाणाऱ्यांचे अर्ज सायेब आधी बघतले," सत्यवान म्हणाला.

हे ऐकल्यावर तिने लुगडी बांधली. रिकाम्या हाताने परक्याच्या दारी जायचं नाही, म्हणून सुक्या बांगड्यांचं एक गाठोडंही बांधलं. बोटीने मुंबई आणि पुढे आगगाडी, अशा प्रवासात चार दिवस त्या गाठोड्याने सगळ्यांना दरवळ दिला. दौऱ्याचे पुढारी गट विकास अधिकारी होते. ते नाकाला रुमाल लावून देशाच्या प्रगतीवर बोलत राहिले.

कॉलेज खरोखर देखणं होतं. पिवळ्या दगडाची इमारत, जाळीच्या खिडक्या, भिंतीवर संस्थापकांची तसबीर. प्राचार्यांनी पन्नास वर्षांचा इतिहास सांगायला घेतला आणि दुपारपर्यंत ते तेविसाव्या वर्षी येऊन पोचले. तिथे कोणी मासे खात नसत. बांगड्यांचं गाठोडं मोठ्या अदबीने फाटकाबाहेरच्या झाडाला टांगलं गेलं. सात पिढ्यांत मासळीचा वास न घेतलेली मांजरं त्या झाडाखाली जमली आणि तिथून हलेनात. हौसाबाईला वाटलं, या गावात आपल्याला समजून घेणारं निदान कोणीतरी आहे.

इतिहास पंचविसाव्या वर्षात शिरला तशी ती पाय मोकळे करायला अंगणात आली. अंगण चुन्याने गुळगुळीत केलेलं आणि चारी बाजूंनी मध्याकडे उतरतं. मध्ये घुमटीसारखं झाकण, झाकणाला कुलूप, आणि बाजूला काठी घेऊन बसलेला एक म्हातारा. तेवढ्यात अधिकारीसाहेब बूट घालून त्या अंगणात आले. म्हातारा काठी आपटत उठला. बुटांकडे बोट, आभाळाकडे बोट, मग झाकणाकडे. म्हणजे, इथे पाऊस पडतो, इथूनच तो आत जातो, आणि तोच आम्ही वर्षभर पितो, तेव्हा बूट काढा. साहेबांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी वहीत 'स्थानिक लोक शिस्तप्रिय' असं टिपलं. हौसाबाईला मात्र एक अक्षर भाषा न येता सगळं कळलं.

म्हाताऱ्याने कुलूप काढून तिला तांब्याभर पाणी दिलं. वर्षाकाठी आठ-दहा दिवस पाऊस पडणाऱ्या गावातलं ते पाणी शहाळ्यासारखं गोड लागलं. तिला रडू आलं. विमला डोळ्यांसमोर आली आणि स्वतःचाच राग आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आपण पार वाळवंटापर्यंत घातला, असं तिला वाटलं.

घरी येताच तिने तसंच पावसाचं पाणी साठवणारं टाकं मिळावं म्हणून अर्ज केला. फेब्रुवारीत उत्तर आलं. सत्यवानाने ते कचेरीच्या मराठीत वाचून दाखवलं: "सदर तालुक्यात वार्षिक पर्जन्यमान शंभर इंचांहून अधिक असल्याने पाणीटंचाई संभवत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

"शंभर इंच पडता, बरा," हौसाबाई म्हणाली. "पण तो ऱ्हवता खंय?"

"काकी, कागदार ऱ्हवता."

दौरा अगदीच वाया गेला असंही नाही. साहेबांनी वाळवंटावर अहवाल लिहिला होता, आणि किनाऱ्यावरही वाळू असतेच. म्हणून वाळू थोपवण्यासाठी वाडीला तीनशे रोपं मंजूर झाली. मार्चअखेरीला पैसे खर्ची पडायला हवेत, म्हणून ती मार्चातच आली, सोबत कुंपणासाठी गाडाभर चिरे. हुकूम असा होता की महिला मंडळाने रोपांना दोन वेळ गोडं पाणी घालावं. प्यायला पाणी नाही म्हणून अर्ज करणाऱ्या बायकांना झाडांना पाणी पाजायला सांगणारा माणूस हौसाबाईला बघायचा होता, पण तो कागदाखाली फक्त सही करून राहात होता.

एप्रिलात रोपं वाळली. चिरे तसेच पडून होते. हौसाबाईने एक दिवस ते नीट पाहिले आणि मग वर कातळाकडे पाहिलं. ज्या उतरत्या कातळाने तिचं नातवंड नेलं होतं, तोच कातळ म्हणजे देवाने आयतं करून ठेवलेलं अंगण होतं. खाली टाकं खणलं की झालं.

मे महिन्यात होड्या वर ओढल्यावर काशीरामने वाडीतले पुरुष जमवले. बायकांनी डोक्यावरून चिरे वर नेले, शिंपल्या भाजून चुना केला, कातळाच्या भेगा बुजवल्या. सरकारी चिरे हलले म्हणून सत्यवानाने कारवाई करायला हवी होती. तो तीन आठवडे तापाने आजारी पडला, आणि अंगात ताप असताना माणूस चुन्याची घमेली वाहू शकतो हे वाडीने प्रथमच पाहिलं. जूनच्या शेवटी टाकं काठोकाठ भरलं. त्या दिवसापासून हौसाबाईच्या कमरेला टाक्याच्या कुलपाची किल्ली आली.

पुढच्या मार्चात साहेब रोपांची पाहणी करायला आले. रोपं नव्हतीच. उन्हात सडा चढून त्यांचा घसा सुकला होता, तेवढ्यात त्यांना टाकं दिसलं. शेजारी विमला महिन्याच्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती.

"लिहून घ्या," साहेब सत्यवानाला म्हणाले. "वाडीत गोड्या पाण्याचं टाकं आढळलं. म्हणजे टंचाई नाही हा आमचा निष्कर्ष बरोबरच होता." मग त्यांनी हौसाबाईकडे पाहिलं. "बाई, जरा पाणी मिळेल का?" असं म्हणत ते कातळावर पुढे आले.

हौसाबाई आडवी आली.

"सायबानु, बूट काडून येवा," ती म्हणाली. "हंय पाऊस पडता."

साहेबांनी वर पाहिलं. मार्चचं आभाळ कोरडं ठणठणीत होतं. त्यांनी सत्यवानाकडे पाहिलं, तर तो स्वतःच्या वहाणा हातात घेऊन उभा होता. किल्ली हौसाबाईच्या मुठीत होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. साहेब खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.