केस गेले, किस्से राहिले

काही घरांत भांडी साठतात, काही घरांत जुनी वर्तमानपत्रं. आमच्या घरात किस्से साठतात, आणि तेही एकाच विषयाचे. लग्न होऊन बेंगळुरूत येलहंक्याला आले त्या दिवसापासून ऐकतेय. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे उगाच वाढवून सांगायची सवय मला नाही. पण आमच्या घरच्या पुरुषांच्या डोक्यांबद्दल वाढवून सांगायची गरजच पडत नाही!

सासर मूळचं निपाणीचं. सासरे, म्हणजे अप्पा, बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि घर इकडचंच झालं. अप्पा टकले. त्यांचे धाकटे भाऊ बाळूकाका टकले. माझा नवरा सतीश टकला. आणि आमचा ओंकार सतरा वर्षांचा, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीला. त्याच्याकडे येतेच, पण आधी घराणं समजून घ्या.

*

सतीश मला बघायला सांगलीला आला, तेव्हाची गोष्ट. गाडीतून तिघं उतरले. तिघांची डोकी सारखी, तिघांच्या मिशा सारख्या. माझे मामा उत्साही माणूस. त्यांनी मधल्याला हाताला धरून आत नेलं, शेजारी बसवलं आणि सुरुवात केली. नोकरी कुठं, ऑफिसला जायला किती वेळ लागतो, स्वयंपाकातलं काही येतं का, मुलगी नोकरी करणार, ते चालेल का. समोरचा माणूस प्रत्येक प्रश्नाला मान डोलावून, हसून, व्यवस्थित उत्तरं देत होता. मामा खूश!

चहा झाल्यावर मामांनी आईला खूण केली, पोरगा पसंत आहे. तेव्हा तो माणूस हळूच म्हणाला, "मी काका. नवरा मुलगा तो, खिडकीपाशी बसलाय."

मामांचा चेहरा पडला. "अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

बाळूकाका म्हणाले, "तुम्ही एवढ्या मायेनं विचारत होता. म्हटलं पसंत पडत असलो तर आपण कशाला मोडता घालायचा!"

खिडकीपाशी बसलेला सतीश तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता. मी होकार दिला तो त्या हसण्याला.

*

आमच्या घरात आरशासमोर सगळ्यांत जास्त वेळ कोण उभं राहत असेल? मी नाही. अप्पा! शर्टाच्या खिशात कायम कंगवा. रोज सकाळी आंघोळ झाली की खोबरेल तेलाचं एक बोट, मग कानांवरचे आणि मानेवरचे जे काही उरलेत ते एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. बँकेत जायचं असलं तर पुन्हा एकदा.

ओंकार लहान असताना त्यांच्याकडे टक लावून बघायचा. एकदा न राहवून त्यानं विचारलं, "अप्पा, तुम्ही नेमकं काय विंचरता?"

अप्पा आरशातून नजर न हलवता म्हणाले, "जेवढे हायत तेवढे शिस्तीत पायजेत. लई असते तर मी बी बघितलं नसतं."

*

तर आता ओंकार. पोरगा पोहतो. लहानपणापासून पोहतो आणि चांगला पोहतो. कॉलेजच्या रिले टीममध्ये आहे. पहाटे अंधारात उठून तलावावर जाणारं पोर आहे ते, मला कधी हाक मारावी लागली नाही.

सोळावं सरता सरता त्याच्या लक्षात आलं की कपाळ दोन्ही बाजूंनी वर सरकतंय. उशीवर केस, टॉवेलवर केस. त्यानं मोबाइलवर काय काय वाचलं देव जाणे, पण निष्कर्ष काढला की दोष बेंगळुरूच्या पाण्याचा. त्याचं काय चुकलं म्हणा! पुण्या-मुंबईहून इथं आलेला प्रत्येक माणूस पहिल्या महिन्यात हेच सांगतो. बोअरचं पाणी जड, टँकरचं त्याहून जड. म्हणून हे महाशय पिण्याच्या पाण्याच्या कॅननं डोकं धुवायला लागले.

कॅनवाला दिवसाआड यायचा तो रोज यायला लागला. एकदा खांद्यावरचा कॅन उतरवत त्यानं मला विचारलं, "अक्का, घरात फंक्शन आहे का?"

मी काय सांगणार? "हो, चालू आहे," म्हटलं.

अप्पा सोफ्यावरून हे सगळं ऐकत होते. त्यांनी नातवाला बोलावलं. "हे बघ, निपाणीला आमच्या दारात हीर होती. नारळाच्या पाण्यासारखं पाणी. त्या पाण्यानं मी अंघोळ केली आणि केस तिथंच गेले. बेंगळूर बघायला बी न्हाई थांबले!"

*

पाणी झाल्यावर लेप. रात्रभर भिजवलेली मेथी, दही, मूठभर कढीपत्ता, सगळं मिक्सरमधून काढून ओंकारनं स्टीलच्या डब्यात भरलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. संध्याकाळी क्लासहून आल्यावर लावायचं म्हणून. आमच्या फ्रीजमध्ये स्टीलच्या डब्यात फक्त चटणी असते, हे तो विसरला.

मी शाळेतून आले तर अप्पा दुपारचे दोसे खाऊन तृप्त होऊन बसलेले. "सूनबाई, चटणी झकास! मीठ तेवढं स्वल्प कमी."

मागून ओंकार आला, डबा बघितला आणि ओरडलाच, "अप्पा! ते डोक्याला लावायचं होतं!"

मला वाटलं, आता अप्पा उलटी करतात की काय. अप्पांनी डबा शांतपणे आपल्याकडे ओढला, तळाशी राहिलं होतं ते बोटानं पुसून तोंडात घातलं आणि म्हणाले, "वरनं लावून कुणाचे आलेत? आतनं बघू या."

ही चटणी आता आमच्याकडे पंधरा दिवसांनी होते. मीठ आणि हिरवी मिरची घालून. बरी लागते!

*

शेवटी म्हटलं हे घरगुती पुरे, डॉक्टरांना दाखवू. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. ओंकारला मी एकटी नेणार होते. पण पोरगं एकटं कसं जाईल म्हणून सतीशनं सुट्टी काढली, सतीश निघाला म्हणून अप्पा निघाले, आणि बाळूकाका तर घरी कुणी निघालं की चपला घालूनच उभे असतात.

डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या, इथल्याच. त्यांनी ओंकारचं डोकं भिंगातून बघितलं, त्याला छान बोलतं केलं. मग कॉम्प्युटरकडे वळून एकेक प्रश्न विचारत टाइप करायला लागल्या. झोप किती, जेवण कसं, डोक्यात कोंडा होतो का. मग स्क्रीनवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "फॅमिली हिस्टरी?"

उत्तरासाठी त्यांनी मान वर केली. ओंकारच्या खुर्चीमागं तिघं ओळीनं उभे होते. ट्यूबलाइटखाली.

बाई म्हणाल्या, "सरी, ओके. नेक्स्ट क्वेश्चन."

*

आम्ही गाडीत पोट धरून हसलो. ओंकार हसला नाही. डॉक्टरांनी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं होतं, हे घराण्यातून आलंय, औषधांचा विचार थोडा मोठा झाल्यावर करू, थोडा उपयोग होईलही, पण जादू होणार नाही. त्या आठवड्यात त्यानं पोहणं सोडलं.

"अभ्यास आहे," म्हणाला. पोहण्याची बॅग कपाटाच्या मागं कोंबलेली मला सापडली तेव्हा खरं कारण कळलं. पोहणाऱ्या पोरांचे केस ओले होतात. ओले केस चिकटले की खालचं सगळं दिसतं. कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी त्याच्या डोक्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "अंकल". मला त्या पोराचे कान उपटावेसे वाटले, आणि आपल्या पोराकडे बघून रडू आलं. दहा वर्षं ज्याच्यासाठी पहाटे उठला ते त्यानं त्या एका शब्दापायी सोडलं होतं. रिले टीमच्या सरांचे फोन येत होते, हा उचलत नव्हता.

मी समजावलं, ओरडले, काही उपयोग झाला नाही. मग सतीशनं एक दिवस माळ्यावरून त्याच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मोठा फोटो काढला आणि ओंकारपुढं ठेवला.

"यात मी कुठाय, शोध."

ओंकारनं एकेक रांग बघितली. "नाहीये तुम्ही."

"फोटोग्राफर आला तेव्हा मी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये कडी लावून बसलो होतो. तेव्हा माझं पुढचं सगळं गेलेलं. म्हटलं, फोटोत नको." सतीश फोटोवर बोट फिरवत म्हणाला, "हा माझा रूममेट. हा माझ्याबरोबर प्रोजेक्टला होता. चार वर्षं एकत्र जेवलो यांच्याबरोबर. आता सांग, त्या दिवशी बाथरूममध्ये बसून केस वाचले का माझे?"

"नाही."

"फोटो मात्र गेला."

इतकंच बोलून सतीश भाजी आणायला गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस इतक्या मोकळेपणानं हसतो म्हणून मला त्याचा अभिमान होता. ते हसणं त्यानं कमावलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

*

दुसऱ्या सोमवारी ओंकार तलावावर गेला. पण कॅप घालूनच घरातून निघायचा आणि कॅप घालूनच परत यायचा. पोहायची रबरी कॅप! बसमध्ये लोक बघायचे, त्याला चालायचं. पाण्याबाहेर ती सतीशसमोरही डोक्यावरून निघायची नाही. मी म्हटलं, असू दे. पोहतोय ना.

मग आंतरकॉलेज स्पर्धा आली. आमची आख्खी पलटण गॅलरीत. आता पोहण्याच्या स्पर्धेत आपलं पोर ओळखणं म्हणजे एक संकटच असतं. सगळे तसेच उंच, तसेच गॉगल, तशाच काळ्या कॅपा. अप्पांनी आजवर कितीतरी परक्या पोरांसाठी घसा बसवलाय. त्या दिवशीही त्यांनी सुरुवातीला भलत्याच टीमला धरलं होतं.

रिलेची पोरं रांगेनं बाहेर आली. तिसरा पोहणारा कार्तिक, ओंकारचा जिवलग मित्र. त्याचे केस खांद्यापर्यंत, मुलींनी हेवा करावा असे. त्याच्यामागं शेवटचा पोहणारा ओंकार.

ओंकारच्या डोक्यावर कॅप नव्हती.

सतीशनं माझा हात धरला. वरच्या झगझगीत दिव्यांखाली, शेकडो लोकांसमोर माझं पोर उघड्या डोक्यानं चालत होतं. समोरच्या रांगेतली दोन मुलं काहीतरी कुजबुजून हसली. अप्पा उठून उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यावरून तलावाकडे बोट दाखवत ओरडले, "त्यो बघा, त्यो आमचा!"

कार्तिक भिंतीला हात लावेपर्यंत आमची टीम चौथी होती. ओंकारनं उडी मारली. काय पोहला तो! काळ्या कॅपांच्या मधून ते एक ओलं डोकं पुढं सरकत होतं आणि आम्हाला एकदाही विचारावं लागलं नाही की आपला कोणता. एकाला मागं टाकलं, मग दुसऱ्याला. पहिला नंबर हातभरानं हुकला. बाळूकाकांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. केस होते तेव्हाही हे पोर मला इतकं देखणं कधी दिसलं नव्हतं.

पण आईचा स्वभाव कुठं जातो? खाली गेल्यावर पहिल्यांदा ओरडलेच. "अरे, कॅप कुठं हरवलीस?"

"होती की," म्हणून त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि अप्पांकडे गेला. पाया पडायला वाकला तेव्हा डोक्यावरचं पाणी अप्पांच्या धोतरावर निथळत होतं. दोघंही मजेत.

कार्तिक माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या हातात ओंकारची कॅप होती. ही इथली पोरं एकमेकांना "मगा" म्हणतात, म्हणजे आपलं "भावा". कार्तिकचं घरात कन्नड, कॉलेजात इंग्रजी आणि माझ्याशी बोलायला हिंदी.

"आंटी, उसको मत डाँटो. मेरी कॅप फट गई थी, लास्ट मिनिट में. बाकी सामान बस में था. मैं तो रोने लगा था. इसने अपनी निकाल के दे दी."

"आणि तू घेतलीस?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं.

"मैंने मना किया, आंटी. मैंने बोला, तू क्या पहनेगा?"

"मग?"

कार्तिक हसला. "बोला, मगा, बाल तेरे हैं. कॅप तू पहन."